म्हैस बसली

काल रात्री पावणेबाराच्या सुमारास मामेभाऊ हेडफोनमधून ओरडला, “म्हैस बसली! शेपूट पार बाब्या तीनपर्यंत गेलंय. ओसरी कुणी तोडली?” मीही त्याच पट्टीत ओरडले, “ओसरीचं नंतर बघू, आधी डोकं शोध!” सकाळी आईनं शांतपणे विचारलं, “कुणाची म्हैस?”

आता आईला काय सांगणार? म्हैस म्हणजे मेन स्टेशन हब, बाब्या म्हणजे बॅकबोन हब, ओसरी म्हणजे ओव्हरफ्लो, हे सगळं सांगितलं असतं तर तिला आधीची म्हैसच बरी वाटली असती. “गेममधली” म्हटलं आणि विषय मिटवला. पण दिवसभर डोक्यात तेच घोळत राहिलं. ही भाषा आम्ही कधी शिकलो आणि कधी आपलीशी केली, ते एकदा लिहून काढावं म्हणून बसले आहे.

आम्ही चौघं खेळतो. मामेभाऊ, त्याचा एक मित्र, माझी मोठी मावसबहीण (तिला आम्ही तिघंही ताईच म्हणतो) आणि मी. गेम ओपनटीटीडी: नकाशावर रूळ टाकायचे आणि खाणी-कारखान्यांचा माल गाड्यांनी पोचवायचा. मूळ ट्रान्सपोर्ट टायकून १९९४ सालचा, ख्रिस सॉयरनं केलेला; पुढच्याच वर्षी त्याची डिलक्स आवृत्ती आली. तिचं यंत्र उलगडून लुडविग स्ट्रिगियस या प्रोग्रामरनं ती नव्यानं लिहिली आणि २००४ साली ओपनटीटीडी म्हणून फुकट सोडली. तेव्हापासून कितीतरी लोक हौसेनं त्यात भर घालत आले आहेत.

या गेममध्ये एका नकाशावर १५ कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करू शकतात. आम्ही स्पर्धा करत नाही. चौघांची मिळून एकच कंपनी. तिजोरी एक, गाड्या सगळ्यांच्या, आणि कुणीही कुणाचाही रूळ उखडू शकतो. एकत्र कुटुंबच म्हणा. असं एकाच कंपनीत बसून खेळणाऱ्यांची ओपनटीटीडीकूप नावाची एक जुनी मंडळी आहे. त्यांनी प्रचंड जाळी उभारली आणि उभारता उभारता एक अख्खा शब्दकोश तयार केला. आमचे निम्म्याहून जास्त शब्द तिथूनच आलेले.

त्या शब्दकोशाचं पहिलं दर्शन भयंकर असतं. एमएल, एसएल, एसएलएच, बीबीएच, एमएसएच, टीएल, सीएल, एलएल-आरआर. औषधाच्या चिठ्ठीवर बरं अक्षर असतं असं वाटायला लागतं. मला आधी हा शहाणपणा मिरवायचा प्रकार वाटला होता. नंतर एक साधं कारण कळलं. नकाशावर एकमेकांसाठी निरोप ठेवायला पाट्या लावता येतात, आणि एका पाटीवर जेमतेम ३१ अक्षरं मावतात. देवनागरीत तर काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे त्याहून कमी. “इथे बाजूची लाइन मुख्य लाइनीला मिळणार आहे, कृपया जागा सोडा” हे कुठे लिहिणार? “एसएलएच ०४” लिहायचं, पुढे बांधणाऱ्याचं टोपणनाव, झालं. नाव आलं की जबाबदारी आली. उद्या तिथे खोळंबा झाला तर कुणाला हाक मारायची ते पाटीवर लिहिलेलंच असतं.

माझी पहिली पाटी “एसएलएच ०२” होती आणि तिच्या खाली मी जो घोळ घातला त्याची आठवण मला अजून काढून दिली जाते.

खेळ सुरू होण्यापूर्वी मामेभावानं ठरलेले नियम वाचून दाखवले होते: “एमएल एलएल-आरआर, टीएल चार, डावीकडून चालायचं.” मी “हो हो” म्हटलं. दिवसभर मी लोकांचे जमाखर्च तपासते, चार म्हणजे चार हे माझ्या रक्तात आहे. टीएल म्हणजे ट्रेन लेंग्थ, म्हणजे चार डबे, असं मी धरलं. चार डबे आणि एक इंजिन. गेममध्ये मूळ संचातला एक डबा अर्ध्या टाइलचा (टाइल म्हणजे नकाशावरचा एक चौकोन) असतो, म्हणजे अडीच टाइल. ऐसपैस हवं म्हणून मी कोळशाच्या खाणीपाशी तीन टाइलींचे फलाट बांधले. सहा फलाट, रांगेत, सुबक. मला फार अभिमान वाटला होता.

टीएल चार म्हणजे चार टाइल. इंजिन धरून आठ.

गाडी फलाटावर यायची, तोंड शेवटाला टेकायचं आणि मागचे दोन डबे बाहेर लोंबत राहायचे, नेमके सांध्यावर. तो सांधा सहाही फलाटांच्या तोंडाशी. म्हणजे एक गाडी कोळसा भरत उभी आहे, पाच फलाट रिकामे आहेत आणि एकाही फलाटावर कुणाला जाता येत नाही. मागे दुसरी थांबली, तिच्यामागे तिसरी. शेपूट बाजूच्या लाइनीतून (एसएल) ती मुख्य लाइनीला मिळते त्या जागी (एसएलएच) गेलं, तिथून मुख्य लाइनीवर (एमएल) चढलं. गेममधलं एक वर्ष बारा-तेरा मिनिटांत उलटतं. एवढ्या वेळात अख्ख्या पश्चिम अर्ध्या नकाशावरच्या गाड्या उभ्या. मी भलत्याच ठिकाणी सिग्नल बदलत बसले होते. चॅटमध्ये मामेभावानं एकच शब्द टाकला: “टीएल?”

प्रश्नचिन्हासकट. त्या प्रश्नचिन्हात जे होतं ते मी इथे लिहीत नाही.

ताईनं मात्र वेगळंच विचारलं. ती प्रत्यक्ष रेल्वेच्या सिग्नल विभागात काम करते. आमच्या खेळात ती उशिरा आली आणि पहिले काही दिवस नुसती बघत बसायची. ती म्हणाली, “अगं, तुझा फाउलिंग मार्क कुठे आहे?” मला कळेना. खऱ्या रेल्वेत दोन रूळ जिथे एकत्र येतात तिथे त्यांच्यामध्ये एक खूण असते. गाडी त्या खुणेच्या आत उभी असली पाहिजे. शेपूट खुणेच्या बाहेर राहिलं तर शेजारच्या रुळावरून येणारी गाडी त्याला घासणार. आमच्या गेममध्ये ही खूणच नाही. तिच्या जागी टीएल हा आकडा आहे. सगळ्यांनी मिळून कबूल केलेला एक आकडा, की आमची कुठलीही गाडी याहून लांब असणार नाही, म्हणून दोन सिग्नलांमधलं, सांध्यामागचं, फलाटाचं प्रत्येक अंतर यावरून ठरेल. मी आकडा पाठ केला होता, कबूल केला नव्हता.

असो. हबांकडे वळते, कारण म्हैस तिथेच बांधलेली आहे.

एमएल म्हणजे मुख्य लाइन. एलएल-आरआर म्हणजे जाणाऱ्या दोन, येणाऱ्या दोन, मध्ये थोडी मोकळी जागा. एसएल म्हणजे खाणी-कारखान्यांकडे जाणारी बाजूची लाइन, आणि ती मुख्य लाइनीला जिथे मिळते ते साइड लाइन हब, एसएलएच. दोन मुख्य लाइनी एकमेकींना मिळतात ते बॅकबोन हब, बीबीएच. सगळा माल जिथे येऊन पडतो त्या मोठ्या स्टेशनाचा मेन स्टेशन हब, एमएसएच. कागदावर हे ठीक आहे. पण रात्री बारा वाजता, घाईत, तोंडानं “बीबीएच” म्हणून बघा. मामेभावाच्या मित्राची जीभ दुसऱ्याच दिवशी अडखळली आणि “बाब्या” बाहेर पडला. तो तसाच राहिला. बाब्या एक, बाब्या दोन, बाब्या तीन. एकदा बाब्या झाल्यावर एसएलएचची साळू व्हायला वेळ लागला नाही. आणि एमएसएच? ते अवाढव्य, पसरलेलं, भोवती चिखलासारखे रूळच रूळ, आणि एकदा अडलं की कितीही ढोसा, जागचं हलत नाही. त्याचं नाव ठेवायला कुणाला कष्ट पडले नाहीत.

नंतर आम्ही शहाणपणा म्हणून ठरवून मराठी शब्द करायला बसलो. त्यातले फार थोडे जगले. स्प्लिटला “फाटा” सहज बसला, कारण तो आधीच होता. मर्जला “संगम” म्हणायचं ठरलं. दोन दिवसांत सगळे परत “मर्ज” म्हणू लागले, बहुधा संगम म्हटलं की कुणालाच घाई वाटत नाही म्हणून. शिफ्टर, म्हणजे गाड्या एका लेनवरून शेजारच्या लेनवर सरकवणारी जागा, तिला मी “सरकपट्टी” सुचवलं. माझ्याशिवाय कुणीही कधीही वापरलं नाही.

“ओसरी” मात्र जगली, आणि तो शब्द ताईचा आहे याचा मला थोडा मत्सर वाटतो. ओव्हरफ्लो म्हणजे स्टेशनाच्या तोंडाशी बांधलेली डेपोंची रांग. फलाट रिकामा नसला की येणारी गाडी रुळावर ताटकळत न राहता डेपोत शिरते, मागचीला वाट मोकळी होते, आणि फलाट रिकामा झाला की ती बाहेर पडते. ताई म्हणाली, “म्हणजे घरात जागा होईपर्यंत पाहुण्यांना ओसरीवर बसवायचं.” ओव्हरफ्लोशी उच्चारही जवळचा. त्या क्षणापासून इंग्रजी शब्द गेला तो गेलाच.

आता प्रायो. या एका शब्दावर मी तासभर बोलू शकते, आणि बोलते असं घरच्यांचं म्हणणं आहे.

प्रायो म्हणजे प्रायॉरिटी, म्हणजे आधी कुणी जायचं. साळूमधली गाडी लाल सिग्नलला उभी आहे. मुख्य लाइनीवर जरा फट दिसली, सिग्नल हिरवा झाला, ती निघाली. पण ती शून्यापासून वेग घेते आहे. मागून मुख्य लाइनीवरची गाडी पूर्ण वेगात येते आणि तिला ब्रेक लागतो. आमच्याकडे दर दोन टाइलींवर सिग्नल असतो, गाड्या एकमेकींच्या मागे अगदी चिकटून धावतात. एकीनं ब्रेक मारला की तो धक्का मागे मागे सरकत जातो आणि चांगल्या वीस-पंचवीस गाड्या रखडतात. त्यांतली प्रत्येक पुन्हा शून्यापासून वेग घेणार. फट एका गाडीची होती, किंमत सगळ्यांनी मोजली.

यावर कूपवाल्यांनी काढलेला उपाय मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी स्क्रीनजवळ नाक नेऊन बघत बसले होते. साळूच्या शेवटच्या सिग्नलपासून एक रूळ निघतो आणि मुख्य लाइनीच्या कडेकडेनं मागे जाऊन तिला चिकटतो. त्या रुळावरून गाडी कधीच जात नाही, फक्त निरोप जातो. साळूच्या तोंडाशी एंट्री सिग्नल. त्या आखूड रुळावर एक्झिट सिग्नल. एंट्रीचा स्वभाव असा, की पुढचे सगळे एक्झिट लाल असले की आपणही लाल व्हायचं. मुख्य लाइनीवर मागून गाडी आली की एक्झिट लाल, म्हणून एंट्री लाल, म्हणून साळूतली गाडी गप्प उभी. मुख्य लाइनीवरचीला कुणी आडवं आलं याचा पत्ताही लागत नाही. फाटकापाशी उभं राहून वाकून बघणारं माणूस असतं ना, “येतंय का कुणी?”, तसा हा रूळ.

माझा पहिला प्रायो मुका निघाला. मी एक्झिटच्या जागी साधा सिग्नल बसवला होता. पुढे एक्झिटच नसला तर एंट्री साध्या सिग्नलसारखाच वागतो. मुख्य लाइनीवर काय चाललंय त्याच्याशी त्याला देणंघेणं उरत नाही. दिसायला सगळं जागच्या जागी. गाड्या कमी होत्या तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. चार-पाच रात्रींनंतर रहदारी वाढली आणि त्या साळूतून गाड्या बेधडक मुख्य लाइनीवर उड्या मारताना दिसल्या. “प्रायो आहे ना तिथे?” “आहे की, हा बघ.” “हा प्रायो नाही, हा देखावा आहे.” तेव्हापासून आमच्यात न चालणाऱ्या प्रायोला “देखावा” म्हणतात. बाहेरच्या कुठल्याही शब्दकोशात हा सापडणार नाही.

उलटा रोगही असतो. मुख्य लाइन इतकी भरलेली, की प्रायो कधी हिरवाच होऊ देत नाही. साळूतली गाडी उभी ती उभीच. मित्राच्या तेलाच्या गाड्या एकदा अशाच अडकल्या. तो म्हणाला, “माझ्या लाइनीवर उपासमार चाललीय आणि तुम्ही एमएलचं कौतुक करताय.” मामेभाऊ म्हणाला, “एमएल थांबली तर सगळेच उपाशी.” दोघंही बरोबर होते आणि दोघांनीही त्या रात्री अर्धा तास एकमेकांचे सिग्नल बदलून पाहिले. म्हणूनच मी म्हणते की प्रायो हा तांत्रिक शब्द दिसतो खरा, पण त्यात कायम कुणाला तरी “तू थांब” असं सांगितलेलं असतं. बाकीचे शब्द शिकवताना कुणी आवाज चढवत नाही. प्रायो शिकवताना चढतो.

शेवटी आम्ही तिथे तिसरी लेन टाकली आणि शिफ्टर लावले. बाहेरच्या लेनवरच्या गाड्या मधूनमधून आतल्या लेनींवर सरकवत राहायचं, म्हणजे बाहेरची लेन नव्यानं येणाऱ्यांसाठी मोकळी राहते. असं सबंध मुख्य लाइनभर केलं की त्याला एसएमएल म्हणतात, शिफ्टिंग मेन लाइन. बांधताना नाकी नऊ येतात. चालताना बघत राहावंसं वाटतं.

खोळंबा आणि डेडलॉक यांतला फरक मी नव्यांना सगळ्यात आधी सांगते. खोळंब्याला डोकं असतं. शेपूट सगळ्यांना दिसतं, कारण ते लांबलचक असतं आणि आपण तिथेच सिग्नल खाजवत बसतो, मी बसले होते तशी. पण गाडीगाडीनं पुढे सरकत गेलं की कुठेतरी एक पहिली उभी गाडी सापडते, आणि तिच्यापुढे कारण. तुटका रूळ, माल न मिळालेली गाडी, चुकलेला फलाट. डेडलॉकला डोकं नसतं. ही तिच्यासाठी थांबली, ती तिसरीसाठी, तिसरी चौथीसाठी, आणि चौथी पहिलीसाठी. गोल. पुढे सरकत गेलात तर परत स्वतःपाशीच येता. गोलाकार चौकात हे हमखास होतं, म्हणून जाणते लोक रुळांचा गोल चौक बघितला की नाक मुरडतात. उपाय एकच: एका गाडीला हातानं उलटी फिरवायची किंवा सरळ डेपोत घालायची. आम्ही डेडलॉकला “आधी तू” म्हणतो. “बाब्या दोनमध्ये आधी-तू झालंय.”

ताईला ब्लॉक या शब्दाविषयी फार आपुलकी आहे. तिच्या म्हणण्यानुसार तुम्ही बाकी काही म्हणा, साळू म्हणा की म्हैस म्हणा, ब्लॉकला ब्लॉकच म्हणा. लाइनीचे तुकडे करायचे, एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, आणि तुकडा मोकळा आहे की नाही ते तारेनं कळवायचं, ही कल्पना इंग्लंडमध्ये विल्यम फॉदरगिल कुक यांनी १८४२ सालीच मांडली होती. तरी पुढे कितीतरी वर्षं अनेक ठिकाणी नुसतं घड्याळ बघून एकामागून एक गाड्या सोडत. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ चढावर अडलेल्या गाडीचे सोडवलेले डबे मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं प्रवासी लाइनींवर ब्लॉक पद्धत सक्तीची केली. ताईनं हे सांगितलं तेव्हा चॅट बराच वेळ शांत होतं. मग मित्र म्हणाला, “मी आत्ताच एक सिग्नल काढून टाकलाय, परत लावतो.”

बाकीचे शब्द झरझर. सीएल म्हणजे कर्व्ह लेंग्थ, दोन वळणांमधलं अंतर. साध्या रुळावर एका डब्याएवढ्या अंतरात लागोपाठ एकाच बाजूला वळलात तर वेग ताशी ८८ किलोमीटरपर्यंत खाली येतो, दोन डब्यांएवढं अंतर सोडलंत तर १११. म्हणून “सीएल बघ” हा आमच्याकडचा “जपून जा” आहे. पूल आणि बोगद्यांवर सिग्नल लावता येत नाही, म्हणजे लांब पुलावर एका वेळी एकच गाडी. म्हणून पूल जोडीनं बांधायचे, त्याला आम्ही “जुळे” म्हणतो. डीसिंक म्हणजे चौघांच्या संगणकांवर चाललेलं तेच जग एखाद्याकडे केसभर वेगळं होणं. तो लगेच बाहेर फेकला जातो आणि परत येईपर्यंत त्याच्या साळूचं काय झालं ते त्याला आपण सांगायचं असतं. हे सांगताना थोडं वाढवून सांगायची पद्धत आहे.

“शेअर्ड” वर मात्र थांबायला हवं. कंट्रोल दाबून गाडीची नक्कल केली तर दोघींची ऑर्डर, म्हणजे कुठे कुठे जायचं ती यादी, एकच राहते; एकीची बदलली की सगळ्यांची बदलते. हे फार सोयीचं आहे. एका रात्री मामेभावानं एका गाडीला “जरा त्या डेपोत जाऊन ये” म्हणून ऑर्डरमध्ये एक ओळ घातली. गाडी शेअर्ड होती. तिच्या जोडीच्या ४० गाड्या त्याच डेपोकडे निघाल्या, नकाशाच्या चारी कोपऱ्यांतून, निमूटपणे, एकामागून एक. तो डेपो एकेरी लाइनीच्या टोकाला होता. माझा टीएलचा घोळ त्या रात्रीनंतर जरा कमी वेळा निघतो.

शब्दांवरून माणसाचं वयही कळतं. एंट्री, एक्झिट, कॉम्बो असं कुणी सहज बोलला तर समजायचं, हा जुना. कारण पाथ सिग्नल २००९ साली, ०.७.० आवृत्तीत आले. गाडी आपल्यापुरती वाट राखून घेते आणि त्याच ब्लॉकमधून दुसरी गाडी दुसऱ्या वाटेनं जाऊ शकते, असा त्यांचा कारभार. त्यानंतर खेळायला लागलेल्यांना बाकीचे सिग्नल लागतातच कशाला असं वाटतं, आणि आता तर सिग्नलची खिडकी उघडली की आधी पाथवालेच दिसतात, जुने सेटिंगमध्ये जाऊन बाहेर काढावे लागतात. पण पाथ सिग्नलनं प्रायो होत नाही. म्हणून म्हातारी भाषा टिकून आहे.

मामेभावाचा हा मित्र मूळचा फॅक्टोरिओ या दुसऱ्या गेममधला. तिथेही लोक मिळून रेल्वे बांधतात, पण बोली वेगळी. तिथे टीएल नाही. तिथे “१-४-१” म्हणतात, म्हणजे पुढे एक इंजिन, चार डबे, मागे एक इंजिन. हा हिशेब मला पहिल्या दिवशी मिळाला असता तर माझे फलाट वाचले असते! त्यांचा मंत्र आहे “आत चेन, बाहेर रेल”: चौकात शिरताना चेन सिग्नल, निघताना साधा. चेन सिग्नल पुढचा सिग्नल मोकळा असल्याशिवाय गाडीला चौकात शिरूच देत नाही, म्हणून कुणी मध्येच अडकून सगळ्यांचा रस्ता अडवत नाही. आमच्या ओसरीला ते स्टॅकर म्हणतात, फक्त तिथे डेपो नसतात, समांतर रुळांवर गाड्या उभ्या असतात. आणि तिथे खेळाडू स्वतः रुळांवरून चालतो. इंजिनाखाली सापडून मेलात तर त्याबद्दल गेम एक बक्षीसही देतो. मित्राकडे ते पहिल्याच तासात आलं होतं. आमच्याकडे आल्यावर तो महिनाभर प्रत्येक चौकात “चेन कुठे आहे? चेन?” करत हिंडायचा. आम्ही त्याला “चेनवाले” म्हणू लागलो, आणि एसएलएच ०६ च्या पाटीवर आता तेच लिहिलेलं आहे.

कालची म्हैस, सांगायचं राहिलंच, रात्री साडेबाराला उठली. डोकं सापडलं ते ओसरीतच. मीच संध्याकाळी “जरा नीटनेटकं करते” म्हणून डेपोंच्या बाहेरचा एक सिग्नल उलटा लावला होता. गाड्या आत जात होत्या, बाहेर येत नव्हत्या. तेरा डेपो, आत बावीस गाड्या. ओसरी कुणी तोडली या प्रश्नाचं उत्तर मी अजून चॅटवर दिलेलं नाही. हे वाचून त्यांना कळेल.

ताई मात्र कालच्या गोंधळात काही बोलली नाही. ती पलीकडे बाब्या तीनमध्ये काहीतरी करत होती. आज सकाळी नकाशा उघडला तर तिनं प्रत्येक मर्जपाशी, अगदी साळू-साळूमध्ये, दोन रुळांच्या मधोमध एकेक पाटी लावून ठेवली आहे: “फाउलिंग मार्क”. खाली ना नंबर ना नाव. त्या पाट्यांमुळे खालचे सिग्नल नीट दिसत नाहीत, आणि मामेभाऊ त्या काढा म्हणून दोनदा सांगून गेला आहे. मी एकही काढलेली नाही.